भेटायला येणाऱ्यांसाठी लिहिलेलं पान

हे कागद तुमच्या हातात आले असतील तर तुमच्या गळ्यात गाठ निघाली असणार, नाहीतर तुमच्या घरातल्या कुणाच्या तरी. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या की घाबरून आलेल्या बायांच्या हातात त्या हे देणार आहेत. म्हणून कामाचं आधी सांगते. मी प्रयागबाई. माहेर औशाजवळचं, राहणार लातूर, वय सदुसष्ट. गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, आणि परत आला. पहिल्यासारखा न्हाई, जरा फाटका आलाय. पण आलाय. घाई असेल तर एवढं वाचून उठलात तरी चालेल.

बसलाच असाल तर पुढचं ऐका.

मॅडमनी लिहायला सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, "जन्मापासून लिहू का?" त्या म्हणाल्या, "नको मावशी. गाठ दिसल्यापासून आवाज येईपर्यंत." मी म्हटलं, "म्हणजे सगळं वावर न्हाई, एकच सरी." त्या हसल्या. "हो, एकच सरी. पण जशी आहे तशी." मला वाटलं, हे तर सोपं काम. मी चौथी शिकलेली, पण बालाजीच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, अभ्यासाला बसून बसून त्याच्याबरोबर दहावीपर्यंत वाचलंय. लिहिता येतं. अडचण लिहिण्याची नव्हतीच. एका सरीत किती तण असतं ते वाकल्याशिवाय दिसत न्हाई, ती अडचण होती.

गाठ

गाठ मला सापडली न्हाई, शेजारणीला सापडली. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला माझ्या कपाळाला बोट लावता लावता ती म्हणाली, "मावशी, गळ्याशी काय फुगलंय हे?" मी म्हटलं, "बोलून बोलून फुगला असंल." सगळ्या बाया हसल्या, मीही हसले. त्याआधी दोन-तीन महिने माझा आवाज अधूनमधून बसत होता. घरात म्हणायचे, बरं झालं, जरा आराम मिळाला. कुणाला, ते कुणी सांगत नव्हतं.

तपासण्या लातूरला झाल्या. ऑपरेशन नांदेडला करायचं ठरलं, कारण यांचा धाकटा भाऊ तिथं राहतो, डबा घरचा येणार. 'हे' म्हणजे माझे मालक. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाले. जन्मभर इंजिनाच्या खाली झोपून काम केलं, त्यामुळं माणसांशी बोलायची सवय कमी. ती कसर मी भरून काढली.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं होतो. हे, बालाजी आणि मी. डॉक्टर बालाजीशी इंग्रजीत बोलले. बालाजीनं मान हलवली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "माय, साधी गाठ हाय. काढून टाकायची."

तो चेहरा मी ओळखते. गणितात नापास झाला तेव्हा ह्याच चेहऱ्यानं "पेपर सोपा होता" म्हणाला होता.

मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, गळा माझा हाय. मला सांगा."

डॉक्टर पेनाचं टोपण काढत-घालत बसले. मग म्हणाले, "कॅन्सर आहे, आजी. पण यातला बरा होणारा आहे. घाबरू नका."

त्या वेळी काय वाटलं, असं पुष्कळ जण विचारतात. खरं सांगू का, मला आठवलं की गिरणीत दळण टाकलंय आणि ते आणायचं राहिलंय. बास. भीती आली ती नंतर, रिक्षात. गुडघे असे थडथड उडायला लागले की मी दोन्ही हातांनी दाबून धरले. तुमचंही तसं झालं तर लाज वाटून घेऊ नका. पाय आपले असले तरी त्या दिवशी ऐकत न्हाईत.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. गाठ आवाजाच्या नसेला चिकटली होती. सोडवताना नस दुखावली तर आवाज काही महिने जाईल, एखाद्याचा येत नाहीसुद्धा. मी म्हटलं, "साहेब, काय काढायचं ते काढा, पण बोलता आलं पायजे." डॉक्टर हसले, बालाजी हसला. हे हसले न्हाईत. माझ्या पिशवीचा बंद बोटांभोवती गुंडाळत बसले.

आणि घरी आल्यावर मी सुनेला, शेजारपाजारच्यांना, फोनवर औशाच्या आक्काला काय सांगितलं? "साधी गाठ हाय." बालाजीच्याच चेहऱ्यानं. फक्त तो मला दिसला न्हाई.

शमीमभाभी

शुद्धीवर आले तेव्हा तहान लागली होती. "पाणी" म्हटलं. ओठ हलले, घशातून वारा गेला, आवाज न्हाई. पुन्हा म्हटलं. पुन्हा वारा. सिस्टर आली आणि म्हणाली, "आजी, बोलू नका. कुजबुजूसुद्धा नका, त्यानं जास्त ताण येतो. महिनाभर ओठच हलवायचे नाहीत." आणि एक वही-पेन उशाशी ठेवून गेली.

मुकं झालं की एक गंमत होते, ती सांगते. लोक तुमच्याशी ओरडून बोलायला लागतात. कान शाबूत असतात हो!

शेजारच्या खाटेवर शमीमभाभी होत्या. नांदेडच्याच, बांगड्यांच्या दुकानवाल्या घरातल्या, माझ्याच वयाच्या. पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालेलं. त्यांना उर्दू वाचता यायचं, माझं अक्षर न्हाई. मी वही पुढं केली की हात आडवा करायच्या. "लिखो नक्को आपा, मैं समझ गई." आणि समजायचं उलटंच. मी उशी वर करा म्हणून खूण केली की त्या सिस्टरला हाक मारून संडासाचं भांडं मागवायच्या.

आपल्याकडं माणूस दवाखान्यात पडलं की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. बिस्किटाचा पुडा नाहीतर शहाळं घेऊन यायचं, खाटेच्या कडेला टेकायचं आणि म्हणायचं, "कसं काय झालं हे एकाएकी?" मग पेशंटनं पहिल्यापासून सगळं सांगायचं. ही रीतच आहे. न सांगून चालत न्हाई, पाहुण्याला वाटतं आपल्यापासून लपवलं. आता मला तर बोलता येईना. तर शमीमभाभीच माझ्या वतीनं सांगायला लागल्या.

पहिल्या पाहुण्याला म्हणाल्या, "निंबू इत्ती गाठ थी इनो के गले में." संध्याकाळच्या पाहुण्यापर्यंत मोसंबी झाली. तिसऱ्या दिवशी यांचे भाऊबंद आले तेव्हा नारळ निघाला होता. मी जोरजोरानं मान हलवून न्हाई न्हाई म्हणायची, तर भाभी म्हणायच्या, "देखो, बेचारी को तकलीफ होरई!" आणि पाहुण्यांचे डोळे भरून यायचे.

गाठ चिंचोक्याएवढी होती.

पण भाभींचं एक सांगितलंच पाहिजे. दुपारी वॉर्ड निजला की त्या पोट धरत माझ्या खाटेशी यायच्या, ओल्या कापसानं माझे ओठ टिपायच्या आणि हळूच विचारायच्या, "डर लगरा?" मी मान हलवायची, हो. साऱ्या आजारपणात हे मी एकट्या त्यांच्यापुढं कबूल केलं. त्यांना माझं अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्यापुढं खोटं लिहिता आलं न्हाई.

एक पान, मग चार

नारळाच्या दुसऱ्या दिवशी मी वहीतलं एक पान फाडून लिहिलं. ते अजून माझ्यापाशी आहे, जसंच्या तसं देते:

"गळ्यात गाठ होती. चिंचोक्याएवढी. काढली. आता बरी आहे. आवाज यायला वेळ लागेल. जेवण जातं. काळजी करू नका. चहा घेऊन जा."

पाहुणा आला की पान पुढं. वाचायचा, हसायचा, चहा घ्यायचा, जायचा. जो-तो म्हणाला, काय हुशार बाई आहे. लातूरला घरी आल्यावरही तेच चालू ठेवलं. हीच माझी पहिली आत्मकथा म्हणा. आठ ओळींची.

मग खोड लागली. गल्लीतल्या भजनाच्या बाया यायच्या होत्या. त्यांच्यापुढं एवढंसं पान कसं दाखवायचं? त्यांच्यासाठी दुसरं लिहिलं. त्यात मी अजिबात घाबरले न्हाई, ऑपरेशनला जाताना हसत होते, डॉक्टर म्हणाले अशी हिंमत पाहिली न्हाई. (डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते.) अहमदपूरच्या विहीणबाईंसाठी, म्हणजे सुनेच्या आईसाठी, तिसरं लिहिलं. त्यात कॅन्सर हा शब्दच न्हाई, आणि शेवटी "तुमची लेक माझं सगळं करते" असं. विहिणीला तसंच लिहायचं असतं.

चौथं पान आक्कासाठी. आक्का माझी थोरली बहीण. तिच्यापुढं लहानपणापासून रडायची सवय. ते पान एका दुपारी खिडकीत बसून लिहिलं. दोन्ही बाजू भरल्या. सून संगीता त्या वेळी पलीकडच्या खोलीत शिकवणीच्या पोरांच्या वह्या लाल पेनानं तपासत बसली होती. त्या पानातला तेवढा भाग इथं देते. न देता पुढं जाता येणार न्हाई.

"आक्का, तुला म्हणून सांगते. संगीता दिवसभर तोंडातून शब्द काढत न्हाई. अळणी पेजेची वाटी समोर ठेवते आणि तोंड फिरवून जाते. मी मुकी झालेलीच तिला बरी वाटते. आठ वर्षं पोटच्या पोरीसारखं वागवलं, त्याचं हे फळ."

लिहून मन हलकं झालं. चारही पानं एकाच वहीची, चारही चौघडी घातलेली. रिपोर्टच्या पिशवीत ठेवून दिली.

विहीणबाई

विहीणबाई अहमदपूरहून एसटीनं आल्या. दशम्या आणि शेंगाची चटणी घेऊन आल्या. संगीता चहा ठेवायला आत गेली. विहीणबाई खाटेच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "कसं काय झालं हे एकाएकी?"

मी पिशवीत हात घातला, पान काढलं, दिलं. चष्मा स्टुलावर होता. डोळ्यांवर नव्हता.

त्या बोट ठेवून वाचतात, हळू. तिसरं पान सहा ओळींचं होतं. त्यांचं बोट सहा ओळींच्या पुढं गेलं, आणखी पुढं गेलं. मग त्यांनी पान उलटलं. त्यांच्या पानाला दुसरी बाजू नव्हती.

तेव्हा मला कळलं.

हिसकावून घ्यावं तर हात उचलेना. "देऊन टाका" म्हणावं तर आवाज न्हाई. मी नुसती बघत बसले. बाई शेवटपर्यंत वाचतच गेल्या. मग पानाची होती तशी चौघडी घातली. संगीता चहाचा ट्रे घेऊन आली होती.

"संगे, हे वाच. तुझ्या सासूनं लिहिलंय."

संगीतानं ट्रे ठेवला न्हाई. एका हातात तोलून धरला आणि उभ्यानंच वाचलं. मग म्हणाली, "आई, चहा घे. गार होऊन राहिला."

विहीणबाईंनी चहा घेतला, बरं का. टाकला न्हाई. बशी खाली ठेवून मला म्हणाल्या, "चार दिवस नेते पोरीला. तुम्ही बऱ्या व्हा." आवाज चढला न्हाई, की टोमणा न्हाई. मारला असता तर सोपं गेलं असतं.

रिक्षा दारात आली. मी खाटेवरून उठून फाटकापर्यंत गेले, ऑपरेशननंतर पहिल्यांदा एकटी. संगीता नातवाला घेऊन रिक्षात बसत होती. डॉक्टर, सिस्टर, महिना, सगळं विसरून मी जीव एकवटून हाक मारली. पंक्चर ट्यूबमधून जावा तसा वारा गेला. दुसऱ्यांदा मारली. वारा. हातात स्टीलचा पेला होता तो फाटकावर आपटला. भाजीवाला वळला, कुत्रं वळलं. रिक्षा गेली.

हे म्हणतात, ती मागं वळली होती. मला तसं आठवत न्हाई. मी दोन्ही लिहून ठेवते.

माझ्या आजारपणातला सगळ्यात वाईट दिवस हाच. रिपोर्टचा न्हाई, ऑपरेशनचा न्हाई.

बालाजी कामावरून आला. त्याला सगळं कळलं. रात्रीचं जेवण झालं, सकाळचा चहा झाला, माझ्याशी बोलला न्हाई. शेवटी चपला घालता घालता म्हणाला, "माय, तू आजवर आम्हाला काय कमी बोललीस का? पण बोलून तू विसरायचीस, आम्हीपण विसरायचो. हे तू लिहिलंस."

पाचवं पान

फोन करावा तर फोनवर मुक्या माणसाचं काय काम? तेव्हा लिहायचंच उरलं. ज्यानं घाण केली त्यानंच धुवायची.

बसले लिहायला. "संगीता, गैरसमज करून घेऊ नको. औषधांनी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं." फाडलं. "संगीता, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याचा राग धरू नये." तेही फाडलं. तिसऱ्या वेळी पान भरून लिहिलं. गाठ कशी निघाली, किती सोसलं, वॉर्डात कशी एकटी होते, मुकेपण काय असतं. वाचून मलाच रडू आलं. यांना वाचायला दिलं.

यांनी पूर्ण वाचलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. म्हणाले, "ह्यात तू लई गरीब दिसून राहिली."

मी वहीत लिहिलं, "मग? खोटं आहे का?"

"खोटं न्हाई. पण ह्यात ती कुठं हाय?"

इंजिनाखालचा माणूस! जन्मात एकदा बोलला आणि नेमका नट सापडला.

तेव्हा मला कळलं की मी जे जे लिहिलं होतं, आठ ओळींच्या पानापासून, त्या सगळ्यात मी एकतर शूर होते नाहीतर गरीब. चुकलेली कुठंच नव्हते. आठवण ही आपली माहेरची माणूस असते, आपल्याच बाजूनं बोलते. तिला जरा दटावून विचारावं लागतं की बाई, आणखी काय झालं होतं?

दटावून विचारलं. मग निघालं. संगीता लग्न होऊन आली तेव्हा ती जेवताना बोलायची, शाळेतल्या गमती सांगायची. मी मधेच तिचं वाक्य पूर्ण करायची. तिच्या बाळंतपणाची गोष्टसुद्धा आल्या-गेल्याला मीच सांगितली, तिच्या कळा मीच सांगितल्या, ती शेजारी बसलेली. हळूहळू तिनं सांगायचं सोडलं. घर गप्प झालं ते माझ्या ऑपरेशननं न्हाई. आधीच झालं होतं. माझ्या आवाजात ते मला ऐकू आलं नव्हतं, एवढंच.

हे सगळं लिहिलं. "औषधामुळं" लिहिलं न्हाई. "माफ कर" एकदाच लिहिलं. खाली "परत ये" लिहिलं न्हाई, ते तिचं तिनं ठरवायचं.

हे सकाळच्या गाडीनं अहमदपूरला पान घेऊन गेले. दुपार कशी गेली मला ठाऊक. संध्याकाळी परत आले, टोपी काढली, पाणी प्याले.

मी वही पुढं केली. "काय म्हणाली?"

"वाचून राहिली होती."

"मग?"

"मग गाडीची वेळ झाली."

पेला पुन्हा आपटावासा वाटला.

लाल पेन

संगीता पाचव्या दिवशी आली. आईनं चार दिवस म्हटलं होतं, चार दिवस पुरे राहून आली. हातपाय धुतले, पेज टाकली, आणि मग पिशवीतून माझं पान काढून माझ्यासमोर ठेवलं. समासात लाल पेनानं लिहिलेलं होतं. शिकवणीच्या वहीत लिहिते तसं, बारीक.

जिथं मी लिहिलं होतं, "तू बोलत नव्हतीस," तिथं तिनं लिहिलं होतं: "मी बोलले की तुमचे ओठ हलायचे. सिस्टरनी ओठ हलवायचे नाहीत म्हणून सांगितलं होतं. म्हणून मी वाटी ठेवून लगेच निघून जायचे."

मी वहीत लिहिलं, "मग मला सांगायचं होतंस की."

"आत्या," ती म्हणाली, आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, "सांगायचं म्हटलं की बोलणंच आलं की!"

आणि पहिल्यांदा हसली. मीही हसले, बिनआवाजाची. मुक्यानं हसता येतं, ते कुणी बंद करत न्हाई.

पण त्याच समासात आणखी एक ओळ होती. जिथं मी आक्काच्या पानातलं वाक्य पुन्हा लिहून माफी मागितली होती, मी मुकी झालेलीच तिला बरी वाटते हे वाक्य, तिथं तिनं लिहिलं होतं: "हे थोडं खरं आहे. पहिले आठ दिवस बरं वाटलं. घरात माझा आवाज मला ऐकू आला. नंतर करमेना."

मी ते दोन-तीनदा वाचलं. राग येईल म्हणून वाट बघितली. आला न्हाई. उलट हायसं वाटलं. गोड तर ती कुणाशीही बोलली असती. हे खरं बोलणं तिनं मला दिलं.

सगळ्यात खाली, पेजेच्या ओळीशेजारी, फक्त तीन शब्द होते: "पेजेत मीठ होतं."

दूध

आवाजाचं सांगते, तुम्ही त्यासाठीच वाचत असाल. महिना झाल्यावर मॅडमकडं व्यायाम सुरू झाले. ओठ मिटून 'म्' म्हणायचं, गळ्यावर बोट ठेवून थरथर शोधायची. आधी काहीच लागत न्हाई. मग लागते, विहिरीच्या तळाशी मोटर चालू असल्यासारखी. रोज करा. मनात आलं तर करते असं करू नका. मी तीन महिने 'म्' केलं आणि घोगरा 'हं'सुद्धा निघाला न्हाई. मी मनाशी ठरवून टाकलं की आता वहीच आपली जीभ. दोनशे पानी वह्या आणून ठेवल्या होत्या.

व्यायामाच्या चौथ्या महिन्यात एका सकाळी संगीता अंगणात कपडे वाळत घालत होती, मी स्वयंपाकघराच्या दारात बसले होते. गॅसवर दूध होतं. फुगून वर आलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, दूध!"

फाटका, जाडा, बाप्याचा वाटावा असा. पण आवाज.

संगीता ओला परकर हातात घेऊन धावत आली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. मी तिच्याकडं. दूध सगळं ओट्यावरून खाली गेलं, गॅस विझला, वास सुटला. "आत्या, आणखी काय तरी म्हणा," ती म्हणाली. मी म्हटलं, "गॅस बंद कर."

आधी हे दुधाचं मॅडमना कळवलं, मग औशाला आक्काला. फोनवर आक्का म्हणाली, "प्रयागे, कोण बाप्या बोलतोय तुझ्या फोनवर?" आणि रडायला लागली. शमीमभाभींनाही फोन लावला. त्या म्हणाल्या, "मैं सबको बोली थी, आवाज आयेगा करके." आता नांदेडात माझी गाठ केवढी झाली असेल, कुणास ठाऊक.

वाचून दाखवलं

हे सगळं लिहून झाल्यावर मी संगीताला विचारलं, "तुझं द्यायचं का ह्यात? तुझ्याशिवाय माझं होत न्हाई. पण तुला नको असंल तर काढते, मग मॅडमना फक्त व्यायाम लिहून देते."

ती म्हणाली, "आधी वाचून दाखवा."

काल दुपारी बसलो. बालाजी कामावर, हे बाहेरच्या ओट्यावर खुर्ची टाकून, तोंड रस्त्याकडं, कान आत. मी वाचायला लागले. अजून माझा आवाज दहा-पंधरा मिनिटं टिकतो, मग दमतो. गाठ झाली, भाभी झाल्या, हसून झालं. चौथ्या पानाशी आले. "आक्का, तुला म्हणून सांगते," एवढं म्हटलं आणि आवाज गेला. दमला होता की काय होतं, ते मलाही सांगता येणार न्हाई. तोंड उघडं, आणि नुसता वारा.

मी कागद खाली ठेवायला लागले. तिनं हातातून घेतले. चष्मा न्हाई तिला, सरळ धरून वाचायला लागली, शाळेत वाचतात तशी, प्रत्येक शब्द सुटा. "संगीता दिवसभर तोंडातून शब्द काढत न्हाई." वाचलं. "मी मुकी झालेलीच तिला बरी वाटते." थांबली न्हाई, वगळलं न्हाई, आवाज बारीक केला न्हाई. "आठ वर्षं पोटच्या पोरीसारखं वागवलं, त्याचं हे फळ." तेही वाचलं. मी मांडीवरच्या हातांकडं बघत होते. ओट्यावर खुर्ची करकरली.

पुढचं सगळं तिनंच वाचलं. विहीणबाई, रिक्षा, यांचं बोलणं, स्वतःची लाल अक्षरं, दूध. कागद गुडघ्यावर ठोकून सारखे केले.

"राहू द्या," म्हणाली. "सगळं राहू द्या. फक्त ते अळणी तेवढं काढा."

माझा आवाज थोडा परत आला होता. म्हटलं, "मला अळणीच लागली होती ग."

"मी मीठ घातलं होतं, आत्या. चमच्यानं मोजून घातलं होतं."

"घातलं असशील. मला लागलं न्हाई."

"मग तसं लिहा."

लिहिलंय. पेजेत मीठ होतं. मला अळणी लागली. वाचणाऱ्या बाई, ऑपरेशननंतर चार दिवस तुमच्याही जिभेचं तसंच होईल. वाटी ठेवणाऱ्या माणसाला एकदा विचारून घ्या.